परीक्षानळीतली राणी

एप्रिल २०२५ मध्ये केनियातील एका अतिथीगृहाची वन्यजीव अधिकाऱ्यांनी झडती घेतली, तेव्हा तिथे सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या आणि त्या बहुतेक सगळ्या राण्या होत्या. दोन हजारांहून अधिक परीक्षानळ्यांमध्ये कापसाचे बोळे घालून त्या भरल्या होत्या, म्हणजे लांबच्या प्रवासातही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतील अशी ती व्यवस्था होती. पकडले गेलेले दोघे बेल्जियमचे, अजून विशीही न गाठलेले तरुण होते. आपण केवळ हौस म्हणून मुंग्या गोळा करत होतो, हा गुन्हा आहे याची कल्पना नव्हती, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. न्यायालयाने ते ग्राह्य मानले नाही. अशाच आरोपाखाली सापडलेल्या आणखी दोघांसह प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड किंवा बारा महिन्यांची कैद अशी शिक्षा झाली.

मुंग्यांसाठी खटला चालला हे ऐकून अनेकांना हसू आले असेल, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण दाराशी आलेली मुंग्यांची रांग आपण सगळेच काही विचार न करता फडक्याने पुसून टाकतो. पण त्या तरुणांचे ‘हौस म्हणून’ हे उत्तर मला थट्टेवारी नेण्यासारखे वाटत नाही. ते बचावापुरते दिलेले असले तरी त्याने एक खरा प्रश्न पुढे आणला आहे. रानातून पकडून आणलेले कोळी, विंचू, भुंगे, गोगलगायी, खेकडे घरी बाळगण्याची हौस जगभर वाढते आहे. तिच्याकडे निरुपद्रवी छंद म्हणून पाहायचे की लूट म्हणून? माझे उत्तर असे आहे की एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. आपल्या परिसरातला एखादा जीव पाहण्यासाठी पकडणे, त्याला काही दिवस ठेवून घेणे आणि जिथून उचलला तिथेच सोडणे ही एक गोष्ट. दूरच्या रानातून उपटून आणलेला प्रौढ जीव विकत घेऊन तो मरेपर्यंत काचेच्या पेटीत बाळगणे ही दुसरी. पहिलीला कायद्याने आणि समाजाने मोकळीक द्यावी. दुसरी बंद व्हावी.

पहिलीची बाजू आधी मांडतो, कारण बंदीची भाषा सुरू झाली की सर्वांत आधी तीच भरडली जाते. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी आपल्या घराजवळच्या पाइन वृक्षांवरच्या, एकीमागे एक चालणाऱ्या अळ्या पाळल्या होत्या. १८९६ च्या जानेवारीत त्यांतली एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली आणि तिचे वर्तुळ पूर्ण झाले. पुढची अळी मागचीच्या मागे, मागची पुढचीच्या मागे, अशा त्या अळ्या सात दिवस त्या काठावर फिरत राहिल्या. याला प्रयोगशाळा लागली नाही, लागली ती एक कुंडी आणि सात दिवस पाहत राहण्याची चिकाटी. चार्ल्स डार्विन यांना केंब्रिजमध्ये असताना भुंगे गोळा करण्याचे वेड होते. एकदा झाडाची साल सोलताना दोन हातांत दोन दुर्मिळ भुंगे असताना तिसरा दिसला, तेव्हा हात मोकळा करण्यासाठी त्यांनी उजव्या हातातला भुंगा तोंडात टाकला. त्याने असा काही जहाल द्राव सोडला की जीभ भाजली, तो भुंगा थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. (लोभाची शिक्षा इतक्या तत्परतेने फार थोड्या संग्राहकांना मिळाली असेल.) माणसाला कीटकांविषयी आस्था वाटू लागते ती बहुधा अशीच, हाताला चिकटलेल्या चिखलातून आणि चावा घेतलेल्या बोटातून. ज्या मुलाने बरणीतली अळी कधी पाहिली नाही, त्याला मोठेपणी फुलपाखरांच्या अधिवासाची काळजी वाटेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मी स्वतः एकदा एक हिरवीगार, बोटाएवढी अळी फांदीसकट घरी आणली होती. ती कोश करील, मग फुलपाखरू बाहेर पडेल, हे सगळे मनात ठरलेले होते. पाचव्या दिवशी सकाळी अळीच्या अंगावर बारीक, फिकट किडे वळवळताना दिसले. ते तिच्या कातडीतून आरपार बाहेर पडत होते आणि बाहेर येताच तिच्याच अंगावर बसून पांढरे रेशमी कोश विणत होते. अळी मेलेली नव्हती. ती आणखी तीन दिवस जगली, पण तिने पानाला तोंड लावले नाही. आठवड्याभराने त्या कोशांतून मुंगीएवढ्या काळ्या परजीवी गांधीलमाश्या निघाल्या आणि उघड्या खिडकीतून उडून गेल्या. फुलपाखरू मिळाले नाही, पण त्या पंधरा दिवसांत जे दिसले ते कुठल्याही पुस्तकाने इतके माझ्या गळी उतरवले नसते. त्या अळीचे भवितव्य मी तिला उचलण्यापूर्वीच ठरलेले होते आणि माझ्यामुळे त्या परिसरातले काहीही कमी झाले नाही. अशा छंदाला परवान्याच्या रांगेत उभे करणे मला मूर्खपणाचे वाटते.

संग्राहकांवर टीका झाली की त्यांच्याकडून एक उत्तर हमखास येते: कीटक नाहीसे होतात ते जमिनी नांगरल्यामुळे, कीटकनाशकांमुळे, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे, जाळे घेऊन फिरणाऱ्या चार हौशी माणसांमुळे नव्हे. हे उत्तर बहुतांशी खरे आहे आणि इंग्लंडमधील ‘लार्ज ब्लू’ या निळ्या फुलपाखराची हकिकत त्याला दुजोरा देते. हे फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा संशय संग्राहकांवर गेला आणि त्यांना अडवण्यासाठी त्याच्या जागेला कुंपणही घातले गेले. कुंपणाने संग्राहक थांबले, पण चरणारी जनावरेही थांबली आणि गवत उंच वाढले. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट जातीच्या लाल मुंगीच्या वारुळात शिरून तिथली पिल्ले खाऊन वाढते, आणि ती मुंगी आखूड गवताच्या, उन्हाने तापलेल्या जमिनीतच टिकते. गवत वाढले, जमीन थंडावली, मुंगी गेली आणि मुंगीपाठोपाठ फुलपाखरूही गेले. १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झाले आणि पुढे स्वीडनमधून आणून पुन्हा वसवावे लागले. चोर समजून ज्याला बाहेर ठेवले तो चोर नव्हता.

परंतु हे उत्तर ज्यांना लागू पडते ते जीव कोणते, हेही पाहिले पाहिजे. बहुतेक कीटक शेकड्यांनी अंडी घालतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आयुष्य संपवतात आणि त्यांची बहुसंख्य पिल्ले कोणाच्या तरी पोटात जाणारच असतात. तिथे एका अळीच्या जाण्याने फरक पडत नाही. टॅरंट्युला या मोठ्या, केसाळ कोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या टॅरंट्युलाची मादी वयात यायलाच कित्येक वर्षे घेते आणि पुढे वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. नर वयात आल्यावर फार काळ जगत नाहीत. अंड्यांच्या एका कोशातून शेकडो पिल्ले निघतात खरी, पण त्यांतली एखाददुसरीच प्रौढ होते, म्हणून त्या शेकड्यांपेक्षा एकटी जगलेली मादी त्या रानासाठी मोलाची असते. आणि संग्राहकाला नेमकी तीच हवी असते. ती मोठी असते, रंगाने उठून दिसते, दीर्घायुषी असल्यामुळे पैसे वसूल होतात आणि ती ठरलेल्या बिळात बसलेली असल्यामुळे पकडायला सोपी जाते.

‘ठरलेल्या बिळात’ याचा अर्थ किती शब्दशः घ्यायचा, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका मादीने दाखवून दिले. टॅरंट्युलाच्याच दूरच्या नात्यातल्या, बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास कोळीतज्ज्ञ बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये तिथे सुरू केला. प्रत्येक बिळाशेजारी क्रमांकाची खूण रोवली आणि वर्षानुवर्षे त्यांना भेटी दिल्या. १६ क्रमांकाची मादी ४३ वर्षे त्याच बिळात राहिली. २०१६ मध्ये तिच्या झाकणाला भोक पडलेले आणि बीळ रिकामे आढळले. ते काम एका परजीवी गांधीलमाशीचे होते. एवढ्या काळात त्या मादीने पाहिलेले जग म्हणजे त्या भोकाभोवतीची हातभर जमीन. अशा मादीला खणून काढायला एक फावडे आणि पाच मिनिटे पुरतात, आणि तिची जागा भरून काढायला लागणारा काळ संग्राहकाच्या स्वतःच्या छंदापेक्षाही लांब असतो.

त्यात अधिवास तोकडा असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका निळ्या टॅरंट्युलाचे वर्णन १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. तिथेही छोट्याशा पट्ट्यात, जुन्या झाडांच्या ढोलींमध्ये. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. झाडे तुटणे हा त्याच्यापुढचा मोठा धोका आहेच, पण जिथे मोजकीच ढोलीदार झाडे उरली आहेत तिथे पाच ढोली रिकाम्या करणारा माणूसही लहान धोका राहत नाही. ‘जंगलतोड आमच्यापेक्षा वाईट’ हा युक्तिवाद इथे उलटा फिरतो, कारण जंगलतोड जितकी जास्त, तितका संग्राहकाचा एकेक बळी महाग.

घरात आलेल्या त्या जिवाचे काय होते, हा प्रश्न अजून बाकीच आहे. पृष्ठवंश नसलेल्या प्राण्यांना यातना होतात का, यावर दीर्घकाळ नुसते खांदे उडवले गेले. आता तसे करणे अवघड झाले आहे. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आत विजेचा सौम्य धक्का देण्याचे प्रयोग प्राणिवर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एल्वूड यांनी केले, तेव्हा आवडीच्या शंखातले खेकडे तो सोडून जायला कमी राजी होते आणि नावडत्या शंखातले अधिक लवकर बाहेर पडत होते. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या चांगल्या-वाईटपणाने काही फरक पडला नसता. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिसंवेदना कायद्यात खेकडे-शेवंडे आणि ऑक्टोपस यांच्या वर्गांचा समावेश केला. कोळी आणि कीटक त्यात नाहीत, आणि त्यांच्याविषयी ठामपणे बोलण्याइतका पुरावा आहे असे माझे म्हणणे नाही. पण शंका असेल तर तिचा फायदा ज्याला बोलता येत नाही त्याला मिळावा, एवढे तरी मान्य व्हावे.

या शंखवासी खेकड्यांचे जमिनीवर राहणारे भाऊबंद म्हणजे या साऱ्या व्यवहाराचा सर्वांत उघडा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत रंगवलेल्या शंखांसह ते लहान मुलांचे खेळणे म्हणून विकले जातात. जमिनीवर राहत असले तरी त्यांची मादी पिल्ले समुद्रात सोडते. ती पिल्ले आठवड्यांमागून आठवडे पाण्यात तरंगत, रूप पालटत वाढतात, मग एखादा इवला शंख शोधून जमिनीवर येतात. हे सारे घरात घडवून आणणे इतके कठीण आहे की मोजक्या चिकाटीच्या हौशींनाच ते साधले आहे. त्यामुळे दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो. तो मोठ्या घोळक्यात राहणारा प्राणी, त्याला श्वासासाठी दमट हवा लागते, कात टाकण्यासाठी तो ओल्या वाळूत खोल पुरून घेऊन आठवडेच्या आठवडे राहतो. त्याला मिळतो जाळीचा पिंजरा आणि रंगीत खड्यांचा दोन बोटे जाडीचा थर. रानात तो दशके जगू शकतो, पिंजऱ्यात अनेकदा काही महिन्यांत मरतो, आणि आपल्या हातून काही चुकले हे त्या घरातल्या मुलाला कधी कळतही नाही. टॅरंट्युला पाळणारी माणसे निदान वाचतात, विचारतात, एकमेकांना शिकवतात. खेकडा विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून अज्ञानाचाच व्यापार चालवला आहे, आणि एकच गोष्ट उद्या बंद करता येत असेल तर मी आधी ही करीन.

जाणत्या हौशींचा आक्षेप असा येतो की आम्ही जंगलातले घेतच नाही, घरात पैदास झालेलेच घेतो. ज्यांचे म्हणणे खरे आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. उलट त्यांचे ऋण मोठे आहे. अनेक टॅरंट्युलांचे मीलन, कोश, पिल्लांची वाढ यांविषयी जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळ अशाच घरांतून आले आहे. जमिनीवर उताणा पडून, पाय आकाशाकडे करून कात टाकणारा कोळी प्रथमच पाहणाऱ्याला मेलेला वाटतो. घाबरून त्याला हलवू नका, जुन्या कातडीतून एकेक पाय हातमोजा काढावा तसा बाहेर येईल आणि नवे पांढरे दात काळे पडेपर्यंत त्याला भक्ष्य देऊ नका, हे ज्ञान शास्त्रज्ञांपेक्षा रात्र जागवणाऱ्या हौशींनी अधिक पसरवले आहे. वर सांगितलेला गुत्तीचा निळा कोळीही आज जगभरच्या घरांत पैदा होतो, म्हणून त्याला रानातून आणण्याचे कसलेच कारण उरलेले नाही.

पण ‘घरात जन्मलेला’ या शब्दांना किती अर्थ आहे? रानातून आणलेल्या, आधीच फळलेल्या मादीने पेटीत कोश केला तर त्यातली पिल्ले घरातच जन्मलेली असतात, तरी त्यांच्या मागे रानातली एक मादी गेलेली असते. प्रौढ कोळ्याच्या जाहिरातीत त्याचा उगम लिहिलेला नसतो, किंवा लिहिलेला असला तरी पडताळता येत नाही. कोळी-विंचवांच्या व्यापाराची इंटरनेटवर झाडाझडती घेणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाराशेहून अधिक जाती विक्रीला आढळल्या. संकटग्रस्त वन्यजिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या यादीत त्यांतल्या मूठभरच आहेत. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंट्युला १९८५ मध्ये त्या यादीत आला, आफ्रिकेतला सम्राट विंचू नव्वदच्या दशकात, आणि गुत्तीचा निळा कोळी ज्यात मोडतो तो जातींचा संपूर्ण गट थेट २०१९ मध्ये. यादी जिवामागून चालते आणि बाजार तिच्या कितीतरी पुढे धावतो. म्हणून जातींची नावे यादीत वाढवत बसण्यापेक्षा पुराव्याचे ओझे उलटे फिरवावे असे मला वाटते. परदेशातून आलेला प्रौढ कोळी किंवा विंचू विकणाऱ्याने तो कोणाकडे, कोणत्या मादीपासून, केव्हा जन्मला याचा कागद दाखवावा. कागद नसेल तर तो रानातून आला असे गृहीत धरावे. पाळीव कोळी पिल्लू म्हणून, नखाएवढा असताना विकत घेण्याची पद्धत हौशींमध्ये रुजलेलीच आहे. तीच सक्तीची करण्यात खऱ्या हौशीचे नुकसान काय, तर काही वर्षे वाट पाहण्याचे.

आता पुन्हा मुंग्यांकडे. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे वाद घालावे लागतात, कारण ‘पाच हजार राण्या म्हणजे पाच हजार वारुळे नष्ट’ हा हिशेब चुकीचा आहे. पंख फुटून उड्डाणाला निघालेल्या राण्यांपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पक्षी, पाली, कोळी, दुसऱ्या मुंग्या यांच्या तोंडी पडतात. नळीत गेलेल्या राण्यांतल्या फार थोड्यांचे वारूळ उभे राहिले असते. मात्र वारूळ खणून काढलेली जुनी राणी असेल तर तिच्यामागे सगळे वारूळ हळूहळू मरते, आणि नळीतल्या राणीकडे नुसते पाहून ती कोणत्या वाटेने आली हे कळत नाही. खरा धोका मला नळीच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. फलित राणी म्हणजे सुटे बी असते. ती एकटी निसटली, तरी हवामान मानवले तर ज्या मातीने तिला कधी पाहिले नाही तिथे वसाहत उभी राहू शकते.

ही भीती अतिरंजित वाटत असेल तर फ्लोरिडातील एक प्रकरण पाहावे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आफ्रिकन राक्षसी गोगलगायी आणल्या, त्या अवघ्या तीन होत्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांच्या १८,००० हून अधिक गोगलगायी झाल्या, आणि त्यांचा नायनाट करायला सुमारे दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर लागले. २०११ मध्ये त्या तिथे पुन्हा आढळल्या आणि त्या खेपेचे उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला २०२१ उजाडले. या गोगलगायी शेकडो प्रकारच्या वनस्पती फस्त करतात आणि माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कृमीचाही प्रसार करतात. त्या मुलाला बाजार ठाऊक नव्हता, आजीला परिसंस्था ठाऊक नव्हती. दोघांचाही हेतू वाईट नव्हता, आणि कंटाळा आल्यावर किंवा दया येऊन पाळलेला जीव ‘मोकळा’ करणाऱ्या कोणाचाच तो नसतो.

म्हणूनच सोडून देण्याचे पुण्य फक्त पहिल्या प्रकारच्या हौसेला लाभते. त्याच झाडाखालचा भुंगा चार दिवसांनी त्याच झाडाखाली सोडता येतो. तोही दुसऱ्या परक्या जिवांबरोबर एकाच बरणीत ठेवलेला नसेल तर, नाहीतर त्यांच्या अंगावरचे सूक्ष्म परजीवी आणि रोग घेऊन तो परत जातो. दुरून आलेल्याला परतीची वाट नसते. तो पकडला त्या जागी नेऊन सोडणे जवळपास कोणालाच शक्य नसते आणि इतरत्र कुठेही सोडणे हा अपराध ठरावा.

मग आज ज्यांच्या घरी रानातून आलेली, पंधरा-वीस वर्षांची टॅरंट्युला मादी आहे, त्यांनी काय करायचे? तिच्यासाठी नवा कायदा काही करू शकत नाही आणि तिला जप्त करून आणखी एका पेटीत हलवण्याने काही साधत नाही. तिची जोडी लावायची झाल्यास पिल्ले प्रामाणिक नोंदीसह इतरांना द्यावीत, नाहीतर तिला एकटीच राहू द्यावे. तिला हातावर घेऊन छायाचित्रे काढू नयेत. पेटीत बीळ करता येईल इतकी खोल माती असावी, पाण्याची उथळ वाटी भरलेली असावी आणि दिवा विझलेला असावा. बहुतेक रात्री ती दिसणार नाही. कधीतरी मध्यरात्री बिळाच्या तोंडाशी पुढचे दोन पाय तेवढे बाहेर आलेले दिसतील, आणि पेटीजवळ पाऊल वाजताच ते आत ओढले जातील.